पोर्ट्रेटचा दर कसा ठरवावा, आणि ‘एवढे कशाला?’ म्हणणाऱ्यांना काय सांगावे?

उजेड_सावली (जुळे सोलापूर)

सर्वांना नमस्कार. लग्नाच्या फोटोग्राफीत इतरांच्या हाताखाली काही वर्षे काम केल्यानंतर मी घरातल्याच एका खोलीत छोटा स्टुडिओ थाटला असून आता केवळ पोर्ट्रेटचे काम घेते. लहान मुले, जोडपी, घरातली वडीलधारी मंडळी, तसेच दवाखान्याच्या फलकासाठी किंवा वेबसाइटसाठी फोटो लागणारे डॉक्टर, वकील आणि सीए असे माझे ग्राहक आहेत. सध्या एका शूटचे ४,५०० रुपये घेते. त्यात दीड तासाचे शूट, एडिट केलेले १२ फोटो आणि १२ बाय १८ इंचांची एक फ्रेम येते. हा आकडा शहरातल्या काही स्टुडिओंचे दर विचारून त्यांच्या मधोमध धरलेला आहे, त्यामागे दुसरा काही आधार नाही.

खरी अडचण दर सांगितल्यानंतर सुरू होते. ‘एवढ्यात तर अख्खा अल्बम होतो’, ‘आमच्या मोबाइललाही पोर्ट्रेट मोड आहे’, ‘हे पुण्याचे दर झाले’ ही तीन वाक्ये आलटून पालटून ऐकू येतात. काही जण दराचा मेसेज वाचून पुढे काही बोलतच नाहीत, आणि नेमके काय खटकले ते कळत नसल्यामुळे मला घासाघीस करणाऱ्यांपेक्षा या गप्प राहणाऱ्यांचे अधिक वाईट वाटते. नातेवाइकांचा विषय वेगळाच आहे. त्यांच्याकडे पैसे मागणेच अवघड जाते. शिवाय ‘रॉ फाइलसकट (म्हणजे कॅमेऱ्यातल्या एडिट न केलेल्या मूळ फाइलींसकट) सगळे फोटो द्या’ ही मागणी हल्ली जवळजवळ प्रत्येक जण करतो. दर नेमका कसा काढावा, तो आधीच जाहीर करावा की विचारल्यावर सांगावा, आणि कमी करण्याचा आग्रह झाला तर संबंध न बिघडवता काय उत्तर द्यावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

जुना_शटर (नवी पेठ)

ताई, इतरांच्या दरांचा मध्य काढण्यात अडचण अशी की त्यांची जागा स्वतःची आहे की भाड्याची, कॅमेऱ्याचा हप्ता फिटला आहे की चालू आहे, आणि घर या धंद्यावर चालते की गावाकडच्या उसावर, यांपैकी काहीच आपल्याला दिसत नसते. त्यामुळे आधी स्वतःचा हिशेब मांडावा. खालचे आकडे मी नमुन्यादाखल धरतो आहे, त्यांच्या जागी तुमचे घाला.

कॅमेरा, दोन लेन्स, दोन स्टुडिओ लाइट, सॉफ्टबॉक्स, पडदे आणि संगणक मिळून ३,६०,००० रुपये गुंतले आणि हे सारे पाच वर्षे चालेल असे मानले, तर वर्षाला ७२,००० रुपये होतात. आयकरात कॅमेऱ्यावर १५ टक्के आणि संगणकावर ४० टक्के घसारा धरतात, परंतु तो कर भरण्यापुरता हिशेब झाला. दर काढताना वस्तू प्रत्यक्षात केव्हा बदलावी लागेल तेवढेच पाहावे. खोली घरातली असली तरी तिचे भाडे धरायचेच, कारण ती दुसऱ्या कोणाला दिली असती तर पैसे आलेच असते. विजेसकट महिना ६,००० धरले तर आणखी ७२,००० झाले. सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क आणि विमा यांचे २४,०००, आणि दुरुस्ती, प्रवास, फोन व जाहिरात यांचे ३६,००० मिळवले की एकूण २,०४,००० रुपये नुसते दार उघडे ठेवण्यासाठी लागतात. त्यावर तुमचा स्वतःचा पगार महिना २५,००० धरला तर वर्षाची गरज ५,०४,००० रुपयांची होते. हा पगार धरायला आपल्यातले बहुतेक जण लाजतात आणि महिनाअखेर जे उरेल त्याला पगार म्हणतात.

आता शूट किती होतील ते पाहू. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जातो, तेव्हा तान्ह्या मुलांना घेऊन कोणी बाहेर पडत नाही. पितृपक्षातही लोक असली कामे पुढे ढकलतात. त्यामुळे वर्षाचे दहाच महिने धरावेत. महिन्याला १२ प्रमाणे १२० शूट होतात. ५,०४,००० ला १२० ने भागले की ४,२०० येतात, आणि प्रिंट व फ्रेमचा ९०० रुपयांचा थेट खर्च मिळवला की ५,१००. तुमच्या ४,५०० च्या दराने तेवढीच शूट केली तर खर्च वजा जाता वर्षाला २,२८,००० रुपये, म्हणजे महिन्याला १९,००० हाती येतात. यात ‘थोडे कमी करा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला २० टक्के सोडले, तर दर ३,६०० होतो आणि वर्षाअखेर १,२०,०००, म्हणजे महिन्याला १०,००० उरतात. दर एकपंचमांशाने उतरला, पण तुमची मिळकत जवळपास निम्मी झाली, कारण फ्रेमवाला आणि वीज कंपनी तुमच्याबरोबर सूट देत नाहीत.

तासांचाही हिशेब ठेवावा. दीड तासाच्या शूटमागे आधीचे बोलणे आणि कपड्यांची चर्चा एक तास, मांडणी अर्धा तास, फोटोंची निवड एक तास, फोटोमागे २० मिनिटे धरून १२ फोटोंचे चार तास आणि प्रिंट-फ्रेमची धावपळ एक तास, असे नऊ तास जातात. ४,२०० ला नऊने भागले की तासाला सुमारे ४६७ रुपये येतात. हा आकडा पाठच असू द्या. समोरच्याला ५,१०० झेपत नसतील, तर एकाच व्यक्तीचे अर्ध्या तासाचे शूट, तीन फोटो आणि फ्रेमऐवजी एक ८ बाय १२ प्रिंट असे काम साडेतीन तासांत होते आणि ते १,८०० रुपयांना खुशाल देता येते. पैसे कमी होणार असतील तर कामही त्या प्रमाणात कमी व्हायला हवे, आणि हे ग्राहकाला न रागावता सांगता येते: ‘आपल्या मनात किती रक्कम आहे ते सांगा, त्यात काय काय बसते ते मी सांगते.’ एवढे बोलून थांबायचे. आपण घाईने बोलत राहतो आणि समोरच्याने मागितलेली नसलेली सूट स्वतःच देऊन बसतो.

पासपोर्ट_साइज (अशोक चौक)

वरचा हिशेब बरोबर आहे, परंतु महिन्याला १२ शूट येतीलच हे कोणी सांगितले? सहाच आली तर त्याच हिशेबाने दर ९,३०० होतो आणि तो सोलापुरात साध्या पोर्ट्रेटला कोणी देणार नाही. हिशेबाने खालची मर्यादा कळते, त्याने गिऱ्हाईक येत नाही. माझ्या दुकानाचे भाडे पासपोर्ट फोटो, शाळांची ओळखपत्रे आणि लॅमिनेशन यांवर निघते, म्हणूनच न परवडणाऱ्या कामाला मी नाही म्हणू शकतो. ताईंनी डॉक्टर-वकिलांचे काम वाढवावे असे सुचवेन. एखाद्या रुग्णालयात किंवा कार्यालयात जाऊन एकाच लाइटच्या मांडणीत दहा जणांचे फोटो काढले, तर माणशी ८०० रुपये घेऊनही जाण्यायेण्यासकट दहा तासांच्या कामाचे ८,००० रुपये होतात, आणि देणाऱ्याला ८०० जड वाटत नाहीत. असे काम महिन्यातून दोनदा मिळाले तरी उरलेल्या पोर्ट्रेटवरचा ताण उतरतो.

गारमेंटवाला (अक्कलकोट रोड)

मी फोटोग्राफर नाही. आमचा युनिफॉर्म शिवण्याचा व्यवसाय आहे, त्यामुळे कॅटलॉगसाठी आणि घरच्या समारंभांसाठी फोटोग्राफरांना पैसे देणारा माणूस म्हणून लिहितो आहे.

पहिली गोष्ट अशी की दर लपवू नका. ‘दरासाठी मेसेज करा’ असे वाचले की माझ्यासारख्याला वाटते, हे आपला पेहराव आणि गाडी पाहून आकडा सांगणार. ‘पोर्ट्रेट १,८०० रुपयांपासून’ एवढे लिहिलेले असले तरी पुरते. ज्याला ते परवडणार नाही तो विचारणारच नाही, आणि तुमचे गप्प राहणारे ग्राहक निम्म्याने कमी होतील. दुसरी गोष्ट, ‘काही कमी-जास्त?’ हा प्रश्न मी सुताच्या व्यापाऱ्याला विचारतो, टेम्पोवाल्याला विचारतो आणि सोनारालाही विचारतो. त्यात अपमान नसतो, ती बोलण्याची रीत आहे. त्याला शांतपणे ‘नाही हो, दर हाच आहे’ असे उत्तर मिळाले तर दहातले बरेच जण पुढे काही न बोलता तारीख ठरवतात. पण फोटोग्राफर मंडळी या प्रश्नावर एक तर चिडतात, नाहीतर घाबरून लगेच हजार रुपये उतरवतात, आणि हजार रुपये इतक्या सहज उतरले की मूळ दरच फुगवलेला होता असे वाटते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सोलापुरी चादर घेणारा माणूस ती हातात धरून वजन पाहतो, उलटून वीण पाहतो आणि मग भावाचे बोलतो. फोटोच्या बाबतीत मात्र तुम्ही आम्हाला मोबाइलच्या चार इंचांत नमुने दाखवता आणि पैसे १२ बाय १८ च्या फ्रेमचे मागता. स्टुडिओत भिंतीवर तीन मोठ्या फ्रेम लावा, एक नुसती प्रिंट टेबलावर ठेवा, ती लोकांना हाताळू द्या, आणि दराचा विषय त्यानंतर काढा.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. पूर्व भागातल्या आमच्या ओळखीच्या घरांमध्ये फोटोची चौकशी सून करते, पण पैशाचा निर्णय सासूबाई घेतात आणि त्या घरी तेलुगू बोलतात. मराठी मेसेज त्यांच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा त्यातला फक्त आकडा उरलेला असतो. जमल्यास दरपत्रक तेलुगू आणि कन्नडमध्येही छापून घ्या, खर्च फारसा येत नाही. १२ फोटोंबद्दलही एक शंका आहे. मला बारा कधीच नको होते. तीन उत्तम फोटो आणि एक फ्रेम मिळाली असती तर मी तेवढेच पैसे आनंदाने दिले असते. उरलेल्या नऊ फोटोंवर तुम्ही घालवलेले तीन तास मला दिसलेही नाहीत.

डार्करूम_मधून (सात रस्ता)

मोबाइलविषयीच्या आक्षेपापासून सुरुवात करतो. मोबाइलला नावे ठेवण्याच्या फंदात पडू नका, कारण ती लढाई आपण हरतो. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो १२ बाय १८ वर छापला तरी इंचाला सुमारे २२० पिक्सेल मिळतात आणि भिंतीवरच्या फ्रेमला तेवढे पुरतात. पोर्ट्रेट मोडमध्ये मागची धूसरता बरीचशी गणिताने तयार केलेली असते, त्यामुळे कुरळे केस, झुमके आणि चष्म्याच्या काड्या कधीकधी अर्धवट पुसल्या जातात. हे खरे असले तरी ग्राहकाला त्याने फरक पडत नाही. त्याला फरक दिसतो तो प्रकाशाचा, आणि कॅमेऱ्यासमोर आवळून बसलेल्या माणसाला मोकळे करण्याचा. म्हणून बोलावे ते यांविषयी.

संक्रांतीचे उदाहरण घ्या. गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत नव्या सुना आणि बोरन्हाणाची बाळे काळ्या कपड्यांवर पांढरे हलव्याचे दागिने घालून येतात. काळे अधिक दिसले की कॅमेरा फोटो उजळ करू पाहतो आणि हलव्याचा दाणा न दाणा पांढऱ्या डागात विरून जातो. हलवा सांभाळायला गेले की काळ्या साडीचा पोत नाहीसा होतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, कॅमेऱ्यावर न सोडता हाताने ठरवून, बाजूने हलका लाइट टाकून दोन्ही राखता येतात. घरी मोबाइलने काढलेला आणि स्टुडिओत काढलेला असा एकच विषय शेजारी शेजारी लावून दाखवला, तर दराबद्दल वेगळे भाषण करावे लागत नाही. वडीलधाऱ्यांच्या पोर्ट्रेटबाबत मात्र जपून बोलावे. पुढे ज्या फोटोला हार घालायचा तो बहुतेक घरांत कोणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून कापून काढलेला असतो, हे सर्वांनाच ठाऊक असते; ते आपण तोंडाने म्हणू नये, ‘आजी-आजोबांचा एक नीट फोटो घरात असू द्या’ एवढेच पुरे.

नातेवाइकांसाठी मी एकच पद्धत पाळतो. एक तर पूर्ण दर, नाहीतर पूर्ण मोफत. अर्ध्या दराचे काम दोघांनाही उपकार वाटते. मोफत द्यायचे असेल तेव्हा नेहमीसारखे बिल करून त्यावर पूर्ण रक्कम लिहावी आणि खाली ‘आहेर’ म्हणून ती वजा दाखवावी. वहिनींना कळते की त्यांना ५,१०० रुपयांचा आहेर मिळाला, आणि त्या पुढच्या चौकशीला तोच आकडा सांगतात.

रॉ फाइल मागणाऱ्यांपैकी फार थोड्यांना रॉ फाइल म्हणजे काय ते माहीत असते. एखादा चांगला फोटो आपल्याकडेच राहून जाईल अशी त्यांना धास्ती असते. त्यावर उपाय म्हणजे वॉटरमार्क टाकलेले छोटे फोटो निवडीला पाठवावेत, निवड त्यांनाच करू द्यावी आणि ठरल्यापेक्षा अधिक हवे असतील तर प्रत्येक जादा फोटोचे २०० रुपये आधीच कळवावेत. नकारापेक्षा हे सोपे जाते आणि त्यातून उत्पन्नही होते.

आता कागदपत्रांविषयी, कारण त्याकडे आपल्या व्यवसायात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. काढलेल्या फोटोचा कॉपीराइट आपोआप आपलाच, अशी अनेक फोटोग्राफरांची समजूत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर पहिला मालक तो काढवून घेणारा ग्राहक असतो. म्हणजे तुम्ही मुलांचे फोटो स्वतःच्या इन्स्टाग्रामवर नमुने म्हणून टाकणार असाल, किंवा डॉक्टरांच्या फोटोचा होर्डिंगसाठी वेगळा दर घेणार असाल, तर ते आधी लिहून सहीनिशी ठरवायला हवे. त्याच पानावर फोटोंची संख्या, दुरुस्तीच्या किती फेऱ्या मिळतील, फोटो कधी मिळतील, तारीख ठरवताना द्यायचा निम्मा विसार आणि उरलेली रक्कम मोठ्या फाइली देण्यापूर्वी, एवढे मराठीत लिहावे. तारीख एकदा बदलता येईल, विसार परत मिळणार नाही, हेही त्यातच असावे. जीएसटीचे म्हणाल तर सेवांसाठी वर्षाला २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावताही येत नाही. नोंदणी झाल्यावर मात्र फोटोग्राफीला १८ टक्के लागतात, त्यामुळे तिथे पोहोचण्याच्या बेतात असाल तेव्हा दर नव्याने काढावा लागेल.

उजेड_सावली (जुळे सोलापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझे स्वतःचे आकडे घालून हिशेब केला तेव्हा मोठ्या शूटसाठी ५,२०० रुपये आले, तेही आठच फोटो धरून, कारण गारमेंटवाले दादांचा १२ फोटोंचा मुद्दा मला पटला आहे. लहान शूट १,९०० रुपयांना ठेवते आणि दोन्ही दर नमुन्याच्या फ्रेमांशेजारी भिंतीवर लावते. तेलुगू दरपत्रकासाठी शेजारच्या काकूंनी मदत करण्याचे कबूल केले आहे. पासपोर्ट_साइज दादांनी सुचवल्याप्रमाणे एका रुग्णालयात विचारणाही करून ठेवली आहे. मात्र महिन्याला बारा शूट होतील याची मलाही खात्री नाही. आठ झाली तर पगाराचा आकडा खाली आणायचा की दर वर न्यायचा, हे सहा महिन्यांनी ठरवेन.

दोन शंका उरल्या आहेत. एकत्र कुटुंबातली पंधरा-वीस माणसे एका फोटोसाठी आली तर दर तोच ठेवावा का? आणि जुन्या दराने चौकशी करून गेलेल्यांना वाढ कशी सांगावी?

जुना_शटर (नवी पेठ)

पाच माणसांपर्यंत तोच दर ठेवा आणि त्यापुढे माणशी १५० रुपये घ्या. माणसे वाढली की कोणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. मग एका फोटोतला चेहरा दुसऱ्यात बसवावा लागतो आणि एका फोटोचे २० मिनिटांचे काम दोन तासांवर जाते. लोकांना हे कारण लगेच पटते, कारण प्रत्येकाच्या घरच्या ग्रुप फोटोत एक तरी काका डोळे मिटून उभे असतात. वीस माणसांना खोलीत दाटीने बसवण्यापेक्षा सकाळी आठच्या आत त्यांच्याच अंगणात किंवा गच्चीवर जावे, आणि जाण्यायेण्याचा वेळ वेगळा लावावा.

वाढीसाठी एक तारीख धरा. दिवाळीची गर्दी सुरू झाल्यावर दर वाढवले तर लोकांना ती अडवणूक वाटते, म्हणून दसऱ्याच्या महिनाभर आधी कळवून दसऱ्यापासून वाढवावेत. आधी चौकशी केलेल्यांना ‘दसऱ्यापूर्वी विसार दिलात तर जुना दर’ असे सांगा. ज्यांना खरोखर यायचे आहे ते तेवढ्यात येतात. बारसे, उष्टावण आणि पहिला वाढदिवस अशा तीन शूटचे पैसे ज्यांनी एकत्र भरले आहेत, त्यांची उरलेली शूट मात्र जुन्याच दराने करा आणि तसे पावतीवर लिहून द्या.